टॅबचे आकडे बरोबर येतात, पण गाणं वाजत नाही

प्रश्न थोडक्यात असा होता: बेस गिटार घेऊन चार महिने झालेत, टॅब (तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे लिहिलेला कागद) बघून रॉक गाणी बसवतोय, 'विथ ऑर विदाउट यू' आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' दोन्ही पाठ आहेत, बोटं बरोबर फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या घरात) पडतात, पण मूळ रेकॉर्डिंग लावलं की दहा सेकंदात मागेपुढे व्हायला होतं आणि एकट्याने वाजवलं तर ते गाण्यासारखं वाटतच नाही. टॅब सोडून नोटेशन शिकू का? आणि बोटांनी वाजवू की पिकने?

आधी एक सांगतो, टॅब सोडू नका. मी वीसेक वर्षं बेस वाजवतोय, त्यातली बरीच वर्षं शिकवतोही, आणि आजही नवीन गाणं बसवायचं असेल तर एकदा टॅब उघडून बघतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुमचा घोळ वेगळा आहे. बोट कुठे ठेवायचं एवढंच टॅब सांगतो, नोट कधी वाजवायची आणि कुठपर्यंत धरायची हे साधा टाइप केलेला टॅब सांगतच नाही, आणि बेसमध्ये निम्म्याहून जास्त गाणं त्या "कधी" आणि "कुठपर्यंत" मध्येच असतं. गिटारवाल्याचं थोडंफार निभावून जातं कारण कॉर्ड वाजली की गाणं ओळखू येतं, आपल्याकडे एका वेळी एकच नोट असते, ती चुकीच्या जागी पडली की मागे लपायला काही नाही.

आणि हा दोष टॅब या पद्धतीचा नाहीये बरं का. टॅब फार जुना प्रकार आहे, १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची नावाच्या मुद्रकाने ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या टॅबचं पुस्तक छापलं होतं, आणि त्या काळच्या ल्यूटच्या टॅबमध्ये आकड्यांच्या वर लयीच्या खुणा असायच्या, कुठली नोट किती लांब ते त्यावरून कळायचं. नंतर लोक कीबोर्डवर रेघा आणि आकडे टाइप करून टॅब पाठवायला लागले तेव्हा त्या वरच्या खुणा गळून पडल्या, कारण त्या टाइप करायच्या कशा. म्हणजे तुम्ही जे वाचताय तो अर्धाच टॅब आहे. उरलेला अर्धा तुम्हाला कानाने भरायचाय, एवढंच.

हे नुसतं बोलून कळत नाही म्हणून एक रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा छोटा तुकडा, घेऊ. 'सेव्हन नेशन आर्मी', २००३ मधला, जगात कुणालाही गुणगुणता येईल असा. गंमत म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमध्ये बेस गिटार नाहीच, गिटारचा आवाज पेडलने एक ऑक्टेव्ह (सप्तक) खाली आणलाय, पण बेसवर तो इतका छान बसतो की सगळे बेसवाले तो शिकतात. ए तारेवर (जाडीत दुसरी तार, सगळ्यात जाड ती ई) टॅब असा:

७ – ७ – १० – ७ – ५ – ३ – २

सात आकडे, सगळे एकसारख्या अंतरावर. आता मूळ गाणं कधी ऐकलंच नाही अशा माणसाला हा कागद द्या, तो टक-टक-टक-टक सात सारख्या नोट्स वाजवेल, फ्रेट एकही चुकणार नाही आणि तरी ते कुणाला ओळखू येणार नाही. कारण खरी मोजणी अशी आहे. "एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि" असं तोंडाने म्हणत राहा. पहिला ७ "एक" वर पडतो आणि लांब, दीड बीट धरला जातो. दुसरा ७ "दोन" नंतरच्या "आणि" वर, म्हणजे तो छोटा. मग १०, ७, ५ हे तीन स्वर मिळून "तीन" आणि "चार" या दोनच बीटच्या जागेत बसवायचेत, तिथे रिफ थोडा घरंगळल्यासारखा होतो ना, तो यामुळे. इथे चार बीटचा एक बार संपला, दुसऱ्या बारात ३ दोन बीट आणि २ दोन बीट, पूर्ण धरून. आता परत वाजवा. आकडे तेच, पण आता गाणं आलं.

तर माझी पद्धत सांगतो. टॅब प्रिंट करा किंवा वहीत हाताने उतरवा (हाताने उतरवलेला जास्त लक्षात राहतो, हा माझा अनुभव) आणि आकड्यांच्या वर पेन्सिलने एक, आणि, दोन, आणि असं लिहा. कुठली नोट कुठल्या शब्दावर पडते ते रेकॉर्डिंग ऐकून ठरवा, अडलं तर स्पीड अर्धा करून ऐका. आणि नोट जिथे संपते तिथे एक उभी छोटी रेघ मारा. ही रेघ कुणीच मारत नाही आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

कारण आता तुमचं दुसरं गाणं बघा. 'अनदर वन बाइट्स द डस्ट', १९८०, क्वीनच्या जॉन डीकनने लिहिलेलं, म्हणजे बेसवाल्याचंच गाणं. तुमच्या टॅबमध्ये उघड्या ई तारेचे तीन शून्य असतील. ते तीन बीटवर तीन ई आहेत, पण तुटक. प्रत्येक ई नंतर एक छोटी शांतता आहे आणि ती शांतता म्हणजेच तो रिफ आहे. तुम्ही उघडी तार वाजवून सोडून देत असाल तर ती घुंऽऽऽ करत पुढच्या नोटपर्यंत चालू राहते आणि सगळा चिखल होतो. मी पैजेवर सांगतो की तुमचं तिथेच अडतंय, कारण जवळजवळ सगळ्यांचं तिथेच अडतं.

दाबलेली नोट थांबवायची असेल तर डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता नुसतं ढिलं करायचं, फ्रेट सुटला की आवाज बंद. उघड्या तारेला हे चालत नाही, तिथे बोटच नाहीये. तिथे दोन उपाय, एक म्हणजे उजव्या हाताचं जे बोट पुढची नोट वाजवणार आहे ते आधीच येऊन तारेवर टेकवायचं, दुसरं म्हणजे डाव्या हाताची बोटं सपाट करून तारेवर हलकी ठेवायची. मी दोन्ही एकदम करतो कारण एकाच बोटाने टेकवलं तर कधी कधी हार्मॉनिक वाजून जातो, टिंग असा. हे दहा मिनिटं फक्त एका उघड्या ई वर करा, वाजव-थांबव, वाजव-थांबव, मेट्रोनोम ७० वर ठेवून, नोट अर्धा बीट आणि शांतता अर्धा बीट. कंटाळवाणं आहे पण दुसऱ्याच दिवशी फरक ऐकू येईल.

मी स्वतः हे कसं शिकलो तेही सांगतो. पहिल्या बँडच्या पहिल्या प्रॅक्टिसला मी पाच गाणी टॅबवरून तोंडपाठ करून गेलो होतो, एक आकडा चुकत नव्हता. ड्रमरने सुरुवात केली आणि चौथ्या बारात मी कुठेतरी भलतीकडे. तीनदा झालं. मग ड्रमर म्हणाला बेस खाली ठेव आणि तुझा पार्ट मला तोंडाने म्हणून दाखव. मला म्हणता येईना. बोटांना माहीत होतं, मला माहीत नव्हतं. त्याने मला फक्त किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजवून दाखवला आणि म्हणाला, यावर बोल. अर्धा तास आम्ही एवढंच केलं. त्या अर्ध्या तासाने माझं वाजवणं बदललं आणि तेव्हापासून माझा नियम आहे की जे तोंडाने म्हणता येत नाही ते अजून आलेलं नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी गाणं ऐका, हेडफोन लावून. फोनच्या स्पीकरवर बिलकुल नको, उघडी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि फोनचा बारका स्पीकर एवढं खालचं काढूच शकत नाही, तुम्हाला बेसचे फक्त वरचे अंश ऐकू येतात आणि मग नोट कधी सुटली ते कळत नाही. दहा वेळा ऐका, बेसबरोबर डुम-डुम गुणगुणा. मग बेस हातात घ्या पण अजून आकडे नाहीत, डावा हात तारांवर नुसता ठेवून सगळ्या तारा बंद करा आणि उजव्या हाताने फक्त लय वाजवा, ठक ठक असा आवाज येईल. रेकॉर्डिंगबरोबर पूर्ण गाणं असं वाजवा. किक ड्रम कुठे पडतोय त्याकडे कान ठेवा, रॉकमध्ये बेस बहुतेक वेळा त्यालाच चिकटून असतो. हे जमलं की मग टॅब उघडा. तुम्हाला जाणवेल की आकडे आता फार पटकन येतात कारण त्यांना बसायला जागा तयार आहे.

आता 'विथ ऑर विदाउट यू'. १९८७ चं, चार नोट्स, डी-ए-बी-जी, प्रत्येकी एक बार, बारात आठ नोट्स. कागदावर यापेक्षा सोपं काही नाही आणि म्हणूनच यात सगळं उघडं पडतं. स्वतःला फोनवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक बारातली आठवी नोट ऐका. नव्वद टक्के शक्यता आहे की ती आठवी नोट बाकीच्या सातपेक्षा छोटी आहे, कारण पुढच्या फ्रेटवर जायच्या घाईत तुम्ही ती लवकर सोडताय. गाणं ११० बीपीएमच्या (मिनिटाला बीट) आसपास आहे म्हणजे एक नोट जेमतेम पाव सेकंदाची, त्यातला तुकडा हात सरकवण्यात गेला की बारच्या शेवटी खड्डा पडतो, दर बारला एक खड्डा. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही पण गाणं लंगडतंय हे त्याला कळतं.

यावर उपाय बोटांच्या जागेत आहे आणि टॅब इथे दुसऱ्यांदा अपुरा पडतो कारण कुठलं बोट ते तो सांगत नाही. बी ही नोट ई तारेच्या ७ व्या फ्रेटवर मिळते आणि ए तारेच्या २ ऱ्यावरही मिळते. तुमच्या टॅबमध्ये ७ असेल तर तिथून जी साठी ३ ऱ्या फ्रेटवर उडी मारावी लागते. त्याऐवजी असं करून बघा: डी ए तारेच्या ५ वर करंगळीने, ए ई तारेच्या ५ वर त्याच करंगळीने (उचलू नका, थोडी सपाट करून लोळवा), बी ए तारेच्या २ वर तर्जनीने, जी ई तारेच्या ३ वर मधल्या बोटाने. अख्खं गाणं २ ते ५ फ्रेटमध्ये, हात जागचा हलत नाही. ३४ इंची स्केलच्या (तारेची वाजणारी लांबी) बेसवर दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटचं अंतर साधारण १२ सेंमी असतं, तेवढा ताण सगळ्यांना सोसत नाही, तर बोटं ताणून धरू नका, अंगठा मानेच्या मागे एका जागी ठेवा आणि त्यावर हात थोडा फिरू द्या. मनगट दुखायला लागलं तर थांबायचं, दुखत असताना रियाज केल्याने काही पक्कं होत नाही, नुसती दुखापत होते.

खाली नटजवळ (मानेच्या टोकाची, तारा जिथून सुरू होतात ती पट्टी) वाजवताना अनामिकेला वेगळं काम देऊ नका, ती करंगळीच्या मदतीला ठेवा, म्हणजे तर्जनी, मधलं आणि करंगळी अशी तीनच बोटं. डबल बेसवाले हेच करतात. बाराव्या फ्रेटच्या वर फ्रेट निम्म्या रुंदीचे होतात तिथे चारही बोटं आरामात बसतात.

टॅब चुकीचे असतात त्याबद्दलही बोलायला हवं, कारण कधी कधी चूक तुमची नसतेच. लोकांनी आपापल्या कानाने उतरवलेले असतात ते. सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार म्हणजे गिटारचा रिफ उचलून बेसच्या चार रेघांवर टाकलेला. 'स्मोक ऑन द वॉटर' चं उदाहरण घ्या, तो प्रसिद्ध रिफ गिटारचा आहे, सुरुवातीला बेस येतो तो जी वर सलग आठ-आठ नोट्स वाजवत, आणि गाण्याला खालून जो धक्का मिळतो तो त्या सलग जी मुळेच. किंवा 'हायवे टू हेल', तिथे व्हर्समध्ये (कडव्यात) बेस वाजतच नाही, कोरस जवळ आला की तो येतो आणि एकदम जमीन आल्यासारखी वाटते. टॅबमध्ये ती रिकामी जागा कुणीतरी भरून टाकली असेल तर तुमचा कोरस कधी उठणारच नाही. उलटही होतं म्हणा, 'फॉर हूम द बेल टोल्स' ची सुरुवात ऐकून अनेकांना ती गिटार वाटते पण तो मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टनचा डिस्टॉर्शन आणि वाह हे इफेक्ट लावलेला बेस आहे.

सगळं गाणं सारख्याच फरकाने बेसूर लागत असेल तर टॅबवर राग काढायच्या आधी ट्यूनिंग बघा. 'स्वीट चाइल्ड ओ' माइन' मध्ये वाद्यं अर्धा स्वर खाली आहेत, 'कम ॲज यू आर' मध्ये पूर्ण एक स्वर खाली, म्हणजे ई-ए-डी-जी ऐवजी डी-जी-सी-एफ. 'किलिंग इन द नेम' मध्ये फक्त सगळ्यात जाड तार डी वर आणलीय, त्याला ड्रॉप डी म्हणतात, तिथे बाकीच्या तीन तारा आहेत तशाच राहतात. बरेचदा ही माहिती टॅबच्या डोक्यावर एका ओळीत असते आणि आपण थेट आकड्यांवर उडी मारतो. खूप खाली ट्यून केलं की तार ढिली पडून फ्रेटवर करकरते, त्यासाठी उजवा हात हलका ठेवा.

मोजणीचंही तसंच. 'मनी', १९७३, त्याचा बेस रिफ सात बीटचा आहे. टॅबमध्ये बारच्या उभ्या रेघा नसतील तर तुम्ही सवयीने चार मोजत जाल आणि दुसऱ्याच फेरीला पडाल. सात मोजा, एकवर पहिली नोट, परत एकवर परत तीच नोट, चार-पाच फेऱ्यांत अंगात बसतं.

चिन्हांचं फार नाही, एच म्हणजे हॅमर-ऑन (वाजत्या तारेवर डावं बोट ठोकून वरची नोट काढायची), पी म्हणजे पुल-ऑफ (बोट ओढून काढत खालची नोट काढायची), तिरकी रेघ म्हणजे स्लाइड, फुली म्हणजे बंद तारेचा ठक आवाज. या फुल्या मात्र गाळू नका. बरेच जण म्हणतात नंतर टाकू, पण त्या फुल्या लयीचा भाग असतात, त्या काढल्या की आजूबाजूच्या खऱ्या नोट्सही सरकतात.

आता नोटेशनचं. पूर्ण स्टाफ नोटेशन शिकायची रॉकसाठी घाई नाही, पण त्यातला लयीचा भाग जरूर शिका. पूर्ण बीटची नोट, अर्ध्याची, पावची, बाजूचा ठिपका, दोन नोट्स जोडणारी टाय, आणि विश्रामाच्या खुणा, बस एवढंच. रोज पंधरा मिनिटं दिली तर दोन-तीन आठवड्यांत वाचता येतं. गिटार प्रो किंवा टक्सगिटारसारख्या सॉफ्टवेअरमधल्या टॅबमध्ये आकड्यांबरोबर या खुणा असतात, म्हणजे ल्यूटवाल्यांकडे जे होतं ते परत मिळतं, शिवाय स्पीड कमी करून तुकडा लूपवर लावता येतो. मिळत असेल तर नेहमी असाच टॅब वापरा.

त्याच्याबरोबर ई आणि ए या दोन तारांवरची नोट्सची नावं बाराव्या फ्रेटपर्यंत पाठ करा. रोज एकच नोट घ्या, आज सी, ती चारही तारांवर शोधा. आणि एक आकार डोक्यात बसवा, रूट ई तारेच्या ३ वर असेल तर पाचवा स्वर ए तारेच्या ५ वर आणि ऑक्टेव्ह डी तारेच्या ५ वर, हाच आकार तसाच उचलून मानेवर कुठेही ठेवता येतो. रॉकचे किती तरी बेसलाइन या तीन नोट्सवर उभे आहेत. मग तुम्ही ५-५-२-३ असे आकडे लक्षात ठेवत नाही, डी-ए-बी-जी लक्षात ठेवता, आणि गायकाने ऐनवेळी म्हटलं की आज गळा बसलाय, एक स्वर खाली घेऊ, तर तुम्हाला नवीन टॅब शोधावा लागत नाही.

बोटं की पिक, हे शेवटी विचारलंत. दोन्ही खरं आहे, रॉकमध्ये दोन्ही प्रकारचे मोठे वादक झालेत. आत्ता सहा महिने बोटांनी वाजवा, तर्जनी-मधलं-तर्जनी-मधलं असं आलटून पालटून, कारण तार थांबवायची जी सवय तुम्हाला आत्ता हवीय ती बोटांना लवकर लागते, बोट मुळातच तारेवर असतं. पिक घेतलात तर उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून ठेवावी लागते आणि ते नीट साधलं की वेगवान पंक किंवा हार्ड रॉकच्या सलग नोट्सना जी धार येते ती बोटांनी येत नाही. पण आधी तो उघडा ई थांबवायला शिका. या आठवड्यात 'अनदर वन' चे फक्त पहिले दोन बार घ्या, बंद तारांवर लय, मग नोट्स, मग रेकॉर्डिंगबरोबर, आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका की तीन ई नंतरच्या तिन्ही जागा खरंच रिकाम्या आहेत का.